सवाई माधोपूरला हाती पडलेला कागद

29 डिसेंबर 1938. सवाई माधोपूर जंक्शनच्या फलाटावर तुम्ही उतरता तेव्हा अंगात वर्ध्याहून घालून आलेला खादीचा सदरा आहे आणि तो इथल्या थंडीला मुळीच पुरत नाही. मुंबई-दिल्ली मार्गावरची मोठी गाडी इथे सोडायची, पलीकडच्या अरुंद रुळांवर उभी असलेली जयपूर संस्थानची गाडी धरायची, असा बेत आहे. तुमच्या पुढे शेठजी चालताहेत, उंचेपुरे, पांढऱ्या टोपीतले. जमनालाल बजाज. वर्ध्याला तुम्ही त्यांच्या पेढीवर जमाखर्च लिहिता; या प्रवासात त्यांच्या पत्रव्यवहाराचं दप्तर तुमच्या काखेत आहे.

शेखावाटीत दुष्काळ आहे. शेठजी निघालेत ते मदतकामाची व्यवस्था लावायला आणि जयपूर राज्य प्रजामंडळाच्या कामासाठी; मंडळाचे अध्यक्ष तेच आहेत. तुम्ही हमालाला हाक मारता, पण हमालाच्या आधी पोलीस पुढे येतात. संस्थानचे पोलीसप्रमुख एफ. एस. यंग स्वतः आलेत. एवढा मोठा अधिकारी एका शेठजींना घ्यायला स्टेशनावर येतो तेव्हा तो हार घेऊन आलेला नसतो, एवढं तुम्हालाही कळतं. यंगसाहेब एक कागद पुढे करतात. शेठजी वाचतात आणि दप्तरात ठेवायला तुमच्याकडे देतात. तुम्हीही वाचता.

संस्थानच्या कौन्सिलचा हुकूम आहे. मजकूर थोडक्यात असा: तुमचं संस्थानात असणं आणि तुमच्या हालचाली यांमुळे शांतताभंग होण्याचा संभव असल्याचं सरकारला दिसून आलं आहे, म्हणून सार्वजनिक हितासाठी तुम्हाला जयपूर संस्थानात यायला मनाई आहे. खाली सही. कोणत्या हालचाली, कुठे, कधी, कुणाच्या तक्रारीवरून, यातलं एक अक्षर नाही.

जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला एक खोड असते. रक्कम दिसली की ती कशापोटी, हे तो आधी शोधतो. या कागदात रक्कम आहे, पोटी काहीच लिहिलेलं नाही. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात येते, ती जास्त बोचते. कागद आधीपासून तयार होता. शेठजी कोणत्या गाडीने येणार, कुठे उतरणार, हे तुम्ही पत्रातून मोजक्याच लोकांना कळवलं होतं.

ज्या संस्थानात शेठजींना पाऊल टाकायची बंदी आहे त्याच संस्थानात त्यांचा जन्म झालेला आहे. सीकर ठिकाण्यातलं काशी का बास हे त्यांचं गाव. लहानपणी वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घरी दत्तक गेले म्हणून ते वर्ध्याचे झाले, नाहीतर ते जयपूरचेच प्रजाजन. याच वर्षी सीकरचे रावराजा आणि जयपूर दरबार यांच्यात इतकं पेटलं की गोळीबार झाला, तेव्हा मध्यस्थीला जे धावले त्यांत शेठजी होते. म्हणजे पावसाळ्यात ज्याच्या असण्याने शांतता येत होती, त्याच्याच असण्याने हिवाळ्यात ती भंगणार होती. दरबारला असला हिशेब जुळवून दाखवावा लागत नाही.

भीती कशाची होती ते उघड आहे. प्रजामंडळाची मागणी होती महाराजांच्या छत्राखाली लोकांना जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे महाराज राहतील, पण दिवाण लोकांना उत्तर देईल. महाराज सवाई मानसिंह तरुण आणि दिवाण सर बोशँप सेंट जॉन इंग्रज. फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुऱ्याला काँग्रेसने ठरवलं होतं की संस्थानांतली लढाई तिथल्या प्रजेनेच आपल्या संघटनांमार्फत लढायची. त्यामुळे प्रजामंडळ हेच आता संस्थानिकांच्या डोळ्यांत खुपणारं कुसळ होतं. आणि अध्यक्ष कोण, तर ज्याने 1928 साली स्वतःच्या घराण्याचं वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना उघडून दिलं तो. अशा माणसाला पैसे देऊन गप्प बसवता येत नाही, कारण पैसा त्याच्याकडेच जास्त.

तुम्हाला वाटतं शेठजी आत्ताच, इथेच बंदी मोडतील. ते मोडत नाहीत. परत फिरतात. गांधीजींचा सल्ला घेतला जातो, दरबारशी पत्रव्यवहार होतो, हुकूम मागे घ्या अशी विनंती होते. पत्रांच्या नकला तुम्ही करता. ही चिकाटी तुम्हाला त्या वेळी कंटाळवाणी वाटेल; मला ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. कारण सांगा, असं त्यांनी विचारलं आणि ते कागदावर विचारलं. उत्तरादाखल जानेवारीत प्रजामंडळच बेकायदा ठरलं. संस्थांनी नोंदणी करायची असा नियम निघाला होता आणि नोंदणी द्यायची की नाही हे दरबारच्या मर्जीवर होतं.

1 फेब्रुवारी 1939 ला शेठजी हद्दीत शिरतात. पोलीस त्यांना धरतात आणि संस्थानाबाहेर नेऊन सोडतात. 5 तारखेला पुन्हा शिरतात, पुन्हा तेच. खटला नाही, शिक्षा नाही, मोटारीत घालायचं आणि सीमेपलीकडे उतरवायचं. तिसऱ्या खेपेला मात्र दरबार कंटाळतो आणि त्यांना मोरांसागरला नेऊन ठेवतो. पुढे जयपूरजवळच्या कर्णावतांच्या बागेत. हिरालाल शास्त्री आणि प्रजामंडळाचे इतर पुढारीही आत जातात. मार्चमध्ये गांधीजी सत्याग्रह थांबवायला सांगतात. शेठजी सुटतात ते ऑगस्टमध्ये.

तुम्ही वर्ध्याला परत या आणि तो कागद दप्तरात नीट ठेवा. सही आहे, हुकूम देणाऱ्याचा हुद्दा आहे, हातात दिल्याची तारीख आहे. पुढे जिथे नेतोय तिथे एवढंही मिळणार नाही.

पण आधी थोडं मागे. साल 1912, जयपूरच. आता तुम्ही सोळा-सतरा वर्षांचे आहात, सोलापूर जिल्ह्यातून आलाय आणि अर्जुनलाल सेठींच्या वर्धमान विद्यालयात शिकताय. पहिले काही दिवस तुम्ही भाकरीसाठी हळहळलात, आता बाजरीचा रोटला आणि कढी चालवून घेता. मास्तरांना पंडितजी म्हणायचं. धर्मशिक्षण त्यांच्याकडे आहेच, पण रात्री दिवा बारीक करून इटलीच्या क्रांतिकारकांच्या गोष्टीही आहेत. आपल्याकडचीच मुलं भोवती आहेत: करकंबचा मोतीचंद शहा, माणिकचंद, करमाळ्याचा देवचंद. मराठीत कुजबुजलं की इथल्या कुणाला कळत नाही, ही तुमची सोय. मिर्झापूरकडचा विष्णुदत्त नावाचा एकजण येतो-जातो, तो आला की बोलणी लांबतात.

1913 च्या मार्चमध्ये बिहारात, शहाबाद जिल्ह्यातल्या निमेज गावी एका महंताचा खून होतो. क्रांतीसाठी पैसा हवा म्हणून. हाती पैसा लागत नाही. हे मी गाळणार नाही. खून खरा होता, आणि मोतीचंद त्यात फाशी गेला. पुढच्या वर्षी सेठींनाही धरलं जातं. ते तेव्हा इंदूरला गेलेले होते, तिथून त्यांना जयपूरला आणतात. खुनात त्यांचा हात होता असं सिद्ध करण्याइतका पुरावा सरकारपाशी नाही. नाही तर नाही, खटल्याशिवाय ठेवतात. आधी जयपूरच्या तुरुंगात, मग थेट मद्रास इलाख्यात वेल्लोरला. जयपूरचा माणूस, जयपूर दरबारचा कैदी, तुरुंग मात्र दोन हजार किलोमीटर लांब, जिथे त्याची भाषा कुणाला येत नाही. सुटका होईपर्यंत पहिलं महायुद्ध संपून गेलेलं असतं.

तुमचं काय होतं? तुमची जागा मोतीचंदच्या शेजारच्या बाकावर होती. कुणी तुम्हाला अटक करत नाही. तुम्ही सोलापूरला घरी येता, दुकानावर बसता. गावचा पाटील अधूनमधून चहाला येतो आणि जयपूरला काय शिकवत होते रे, असं विचारतो. तुमच्या थोरल्या भावाला वाटतं पाटील घरोब्याने येतो. 1918 साली न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीचा अहवाल निघतो. त्यात जयपूरची ती शाळा आहे, सेठी आहेत, तुमच्या जिल्ह्यातली मुलं आहेत. याच अहवालाच्या पायावर पुढच्या वर्षी रौलट कायदा आला, आणि त्यानंतर जालियनवाला बागेत काय झालं ते शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. करमाळ्याचा देवचंद वेगळ्या वाटेने गेला: त्याने कारंज्याला आश्रम काढला, पुढे तो समंतभद्र महाराज म्हणून ओळखला गेला आणि कुंभोजजवळच्या बाहुबलीचं गुरुकुल त्यांनीच उभं केलं. त्या गुरुकुलात शिकलेले लोक आजही कोल्हापूर-सांगलीकडे घरोघरी भेटतील. एकाच शाळेतली मुलं. अहवालाला मात्र ती सारी एकाच रंगाची दिसली.

आता मोठी उडी. सप्टेंबर 1975. तुम्ही बँकेत आहात, नाशिकहून बदलून जयपूरला आलात, बापूनगरात भाड्याची दोन खोल्यांची जागा. मराठी मंडळींचा गणपती बसलाय. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि नेहमीप्रमाणे गप्पा राजकारणावर येणार तोच सोसायटीतले काका हात वर करतात: "ते सोडा हो. मोदक कुणी केलेत ते सांगा." सगळे हसतात. त्या हसण्यात काय आहे हे प्रत्येकाला कळतं. कारण नेहमी पेटी वाजवणारे जोशी मास्तर जुलैपासून दिसलेले नाहीत, ते संघाच्या शाखेत जायचे, आणि त्यांच्या बायकोला आरतीला बोलवावं की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली होती. शेवटी बोलावलं नाही. कुणी असा हुकूम दिला नव्हता. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या वर्षी आपले आपणच भिंत झालो होतो.

25 जूनच्या रात्री आणीबाणी लागली. 27 जूनला राष्ट्रपतींच्या आदेशाने जगण्याच्या आणि अटकेविरुद्धच्या हक्कांसाठी न्यायालयात जायची वाट बंद झाली. 29 जूनला मिसा कायद्यात अध्यादेशाने दुरुस्ती आली: स्थानबद्ध केलेल्याला कारण कळवायची गरज नाही. सवाई माधोपूरचा कागद आठवतोय ना? एकतंत्री संस्थानाच्या दिवाणानेही कारणाचं निदान सोंग आणलं होतं. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारने कायद्यानेच ते सोंगही काढून टाकलं.

राजस्थानातले बहुतेक विरोधी पुढारी आत होते, भैरोंसिंह शेखावतही. 30 जुलैला जयपूरच्या राजमाता गायत्रीदेवींना दिल्लीत अटक झाली. 1962 मध्ये स्वतंत्र पक्षातर्फे जयपूरमधून त्या इतक्या प्रचंड मतांनी निवडून आल्या होत्या की त्याची गिनीज बुकात नोंद झाली. आपल्याकडच्या वाचकाला त्यांची दुसरी ओळख सांगतो: बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या त्या नात. आई इंदिराराजे गायकवाड. अटकेला राजकीय कायदा लावला नाही, तस्करीविरोधी कॉफेपोसा लावला. आधी फेब्रुवारीत राजवाड्यांवर आयकराचे छापे पडलेच होते. तिहारमध्ये त्यांच्या बरोबर ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदेही होत्या. पुढच्या वर्षी जयगड किल्ला खणून काढला, लष्कराचे इंजिनियर लावून, महिनोन्महिने. खजिना सापडला नाही असं सरकारनेच सांगितलं. खजिना ट्रकांतून नेल्याच्या कहाण्या जयपुरात अजून ऐकवतात, त्या तुम्ही चहाबरोबर ऐका आणि सोडून द्या.

आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या आकड्यांत राजस्थानातले मिसाबंदी 542, महाराष्ट्रातले 5,473. म्हणजे तुम्ही ज्या राज्यातून जयपूरला आलात तिथे दसपट. नाशिक रोडच्या तुरुंगात तुमचा मावसभाऊ आहे, हे तुम्ही बँकेत सांगितलेलं नाही.

यात एक जागा अशी आहे जिथे मान वर करायला हरकत नाही. कारण कळवायचं नाही म्हणजे न्यायालयाने तोंडही उघडायचं नाही का, हा प्रश्न देशातल्या उच्च न्यायालयांपुढे आला आणि नऊ न्यायालयांनी नागरिकाची बाजू घेतली. त्यांत राजस्थान उच्च न्यायालय होतं आणि मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. 28 एप्रिल 1976 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या नऊंना चूक ठरवलं. पाचातले एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले, त्याची किंमत म्हणून त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. सरकारच्या बाजूने गेलेल्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. ते पुढे सरन्यायाधीश झाले. 2017 साली खासगीपणाच्या हक्काच्या निकालात 1976 चा तो निर्णय चूक म्हणून मोडीत काढणारं मुख्य मत लिहिलं ते त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी. तोवर 41 वर्षं उलटली होती. तुमचा मावसभाऊ ते वाचायला होता की नाही, कोण जाणे.

आणि त्या मिसाबंदींच्या याद्या? मिसा 1978 मध्ये रद्द झाला, यादी मात्र मेली नाही. राजस्थानात मिसाबंदींना पेन्शन सुरू झालं, भाजपचं सरकार आलं की चालू, काँग्रेसचं आलं की बंद. महाराष्ट्रातही 2018 ला सुरू, 2020 ला बंद, 2022 ला पुन्हा सुरू. ज्या यादीत नाव नको म्हणून लोक मोदकांवर बोलत होते, त्याच यादीत नाव असल्याचा पुरावा मिळवायला आता तहसील कार्यालयाच्या फेऱ्या. यावर हसावं की रडावं ते तुम्ही ठरवा. सरकारांना मात्र यादी दोन्ही टोकांनी वापरता येते, हे दिसलं.

आता शेवटचा मुक्काम. जुलै 2020, जयपूर. मास्क लावलेला आहे, त्यामुळे तुम्हाला कुणी ओळखत नाही, असं वाटतं. काँग्रेस सरकार आतूनच फुटायला आलंय. आमदार हॉटेलांत कोंडलेत, सचिन पायलट यांना पोलिसांच्या स्पेशल ऑपरेशन्स ग्रुपची नोटीस गेलीय आणि तिच्यात चक्क राजद्रोहाचं कलम आहे. आमदारांच्या खरेदीविक्रीच्या म्हणून काही ध्वनिफिती फिरताहेत, तुमच्याही मोबाईलवर आल्या. तुम्ही चवीने ऐकता. ऐकताना एक गोष्ट मनाला शिवत नाही: कुणाचंतरी खासगी संभाषण कुणीतरी टिपलं म्हणून तुम्ही ते ऐकताय. मार्च 2021 मध्ये विधानसभेतल्या एका प्रश्नाच्या लेखी उत्तरात सरकार म्हणतं की सार्वजनिक सुरक्षिततेच्या हितासाठी, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने फोन ऐकले जातात. कुणाचे, किती, ते नाही. सार्वजनिक हित, शांतता, सुरक्षितता. यंगसाहेबांच्या कागदातले शब्द अजून नोकरीत आहेत.

आणि आधार कोणता, तर 1885 चा टेलिग्राफ कायदा. जमनालालजी जन्मले त्याच्या चार वर्षं आधीचा. 1996 मध्ये पीयूसीएलच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने त्याला लगाम घातला: गृहसचिवाचाच आदेश हवा, कारणं लेखी हवीत, दोन महिन्यांत आढावा समितीने तपासायला हवं. ही पीयूसीएल आणीबाणीतच, 1976 मध्ये, जयप्रकाशांच्या पुढाकाराने निघालेली संघटना. कागदावर लगाम बरा आहे. पण ज्याचा फोन ऐकला त्याला ते कधीच कळवायचं नाही, ऐकणं संपल्यावरही नाही. 1938 मध्ये शेठजींना हुकूम हातात मिळाला म्हणून त्यांना तो मोडता आला. तुमच्याविरुद्धचा हुकूम तुम्ही मोडणार कसा?

तो दिसतो एकाच परिस्थितीत: सरकार ते रेकॉर्डिंग पुरावा म्हणून न्यायालयात आणतं तेव्हा. जुलै 2023 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं. लाचलुचपतीचा आरोप, आणि गृहविभागाने दिलेले फोन टॅप करण्याचे तीन आदेश. न्यायालयाने तिन्ही रद्द केले. कारणं नोंदवलेली नव्हती आणि आढावा समितीच्या तपासणीची अट पाळलेली नव्हती. आरोपी लाचखोर होता की नाही हा प्रश्न वेगळा, आणि असा आरोपी कुणाला आवडत नाही हेही खरं. तरी त्याच्यामुळेच आपल्याला कळलं की जयपूरच्या सचिवालयात कारण न लिहिता असे कागद निघत होते. जे कागद न्यायालयापर्यंत कधी आलेच नाहीत त्यांत कारणं लिहिलेली असतील, असं समजायला मी तरी तयार नाही.

टॅपिंगपुरती 1885 च्या कायद्याची जागा आता 2023 च्या दूरसंचार कायद्याने घेतली, डिसेंबर 2024 मध्ये टॅपिंगचे नवे नियमही आले. परवानगी गृहसचिवाचीच. राज्यात ती तपासणारी समिती तीन जणांची: मुख्य सचिव, विधी सचिव आणि आणखी एक सचिव. तिच्यात न्यायाधीश नाही, विरोधी पक्षाचा कुणी नाही, आणि ज्याचा फोन ऐकला त्याला तिच्यापुढे जायची सोय नाही.